चोर ठरवलेलं गिऱ्हाईक

जुलै २०१९ मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच व्हिडिओ गेम कंपनीने एप्रिल ते जून या तिमाहीचे आकडे जाहीर केले. कोणत्या यंत्रावर खेळणाऱ्यांकडून किती टक्के पैसा आला, याचा एक छोटा तक्ता अशा पत्रकात दरवेळी असतो. या वेळी त्यात पीसी ३४ टक्के आणि प्लेस्टेशन ४ एकतीस टक्के असं दिसत होतं. एक्सबॉक्स वन आणि निन्टेंडो स्विच त्यांच्या बरेच मागे होते. वर्षभरापूर्वी याच तीन महिन्यांत प्लेस्टेशन ३८ टक्क्यांवर आणि पीसी जेमतेम २४ टक्क्यांवर होता. ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ अशा मालिका टीव्हीला जोडलेल्या कन्सोलसाठी बनवून ही कंपनी मोठी झाली. तिच्या गल्ल्यात टेबलावरच्या संगणकाने सगळ्या कन्सोलना एकेक करून मागे टाकलं होतं.

‘एकेक करून’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांची बेरीज केली तर त्या तिमाहीतही जवळपास निम्मा पैसा त्या दोघांकडूनच आला होता. शिवाय कंपनीची एकूण कमाई घटली होती. आधीच्या वर्षीच्या या तिमाहीत निव्वळ बुकिंग ३८ कोटी युरोंच्या थोडं वर होतं, ते आता ३१ कोटी ४० लाखांवर आलं. २०१८ च्या वसंतात ‘फार क्राय ५’ नुकताच दुकानात आला होता आणि जूनच्या शेवटी ‘द क्रू २’ची भर पडली होती. २०१९ च्या त्या तीन महिन्यांत कन्सोलवर त्या तोडीचा नवा गेमच नव्हता. मग पीसी पुढे गेला, की बाकीचे मागे पडले म्हणून तो पुढे दिसला?

टक्क्यांचे युरो केले की उत्तर मिळतं. प्लेस्टेशनचे साधारण साडेचौदा कोटी युरो दहा कोटींच्या खाली आले. पीसीचे नऊ कोटींच्या आसपासचे युरो मात्र साडेदहा कोटींच्या पुढे गेले. एकूण कमाई उतरत असताना पीसी स्वतःच्या बळावर वाढला होता. म्हणून हा तक्ता मला महत्त्वाचा वाटतो. आणि तो ज्या कंपनीचा आहे, त्यामुळे तर जास्तच. पीसीवर खेळणाऱ्या माणसाला यूबीसॉफ्टइतकं उघडपणे चोर म्हणणारा प्रकाशक त्या दशकात दुसरा क्वचितच असेल.

गंमत अशी की या कंपनीचा जन्मच घरगुती संगणकाच्या पोटी झाला. फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी प्रांत आहे. तिथल्या कारांत्वार या गावात गिय्मो कुटुंबाचा शेतकऱ्यांना लागणारा माल विकण्याचा धंदा होता. क्रिस्तियान, क्लोद, जेरार, मिशेल आणि ईव्ह ही त्या घरातली पाच भावंडं. ऐंशीच्या दशकात शेतीमालाच्या पुरवठ्यात फारसा फायदा उरला नाही तेव्हा भावांनी आधी संगणक विकायला घेतले आणि त्यापाठोपाठ त्यावरचे गेम. फ्रान्समध्ये मिळणारे तेच गेम खाडीपलीकडे इंग्लंडमध्ये बरेच स्वस्त मिळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तिकडून माल आणायचा आणि टपालाने देशभर पाठवायचा, असा व्यवहार सुरू झाला. मार्च १९८६ मध्ये त्यांनी यूबीसॉफ्टची स्थापना केली. त्याच वर्षी आलेला पहिला गेम ‘झोंबी’ अॅमस्ट्रॅड या घरगुती संगणकासाठी होता. लहान गावातल्या व्यापारी घराला गिऱ्हाईक चांगलं कळतं. त्याला काय हवं आहे, ते कुठे स्वस्त मिळतं आणि ते त्याच्या दारापर्यंत कसं पोचवायचं, एवढ्यावरच भावांनी सुरुवात केली होती.

पुढच्या वीस वर्षांत कंपनी पॅरिसच्या शेअर बाजारात आली आणि तिने शांघाय व माँट्रियल इथे स्टुडिओ काढले. १९९५ चा ‘रेमन’ आणि २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ यांनी तिला नाव मिळवून दिलं. या प्रवासात तिचं गिऱ्हाईक बदलत गेलं. पैसा आता दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली ठेवलेल्या खोक्यांत होता. कन्सोल हे बंद यंत्र. त्याचा मालक सोनी किंवा मायक्रोसॉफ्ट, डिस्कवर शिक्का त्यांचा, नक्कल करणं सामान्य माणसाला अवघड. पीसी उघडा होता. त्यावर कोणीही काहीही चालवू शकत होता, त्यामुळे फुकट उतरवलेला गेमही चालत होता.

त्या काळात पीसीला काय वागणूक मिळाली हे पाहायचं तर ‘असॅसिन्स क्रीड’च्या तारखा एकाखाली एक लिहाव्यात. पहिला भाग कन्सोलवर नोव्हेंबर २००७ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २००८ मध्ये. दुसरा भाग नोव्हेंबर २००९ मध्ये आला, पीसीवाल्यांना मार्च २०१० पर्यंत थांबावं लागलं. त्यानंतरचा ‘ब्रदरहुड’ नोव्हेंबर २०१० चा, पीसीवर मार्च २०११. कन्सोलवाल्यांचं जेवण उरकलं की चार-पाच महिन्यांनी पीसीवाल्याचं ताट मांडलं जायचं. तोवर कथेचा शेवट सगळ्यांना ठाऊक झालेला असायचा, आणि ज्याला थांबवत नव्हतं तो दुसरीकडून मिळवायच्या मार्गाला लागायचा.

चोरी रोखण्यासाठी कंपनीने जे जे केलं ती सगळी हकिकत फार बोलकी आहे. सुरुवातीला ‘स्टारफोर्स’ नावाचं रशियन संरक्षण होतं. ते विंडोजच्या पार आतल्या थरात स्वतःचे ड्रायव्हर बसवत असे. २००५ चा ‘स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी’ त्याच्या जोरावर वर्षभराहून अधिक काळ कोणाला फोडता आला नाही. पण संगणक अडखळतो, डिस्क ड्राइव्ह बिघडतो अशा तक्रारी वाढत गेल्या, अमेरिकेत दावा दाखल झाला आणि एप्रिल २००६ मध्ये कंपनीने स्टारफोर्स सोडून दिलं.

२००८ च्या उन्हाळ्यातला प्रसंग तर गेमिंगच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. ‘रेनबो सिक्स: व्हेगस २’ काहींनी इंटरनेटवरून रीतसर पैसे भरून उतरवून घेतला होता. त्यावर कंपनीने एक पॅच दिला आणि त्यानंतर गेम डिस्क मागू लागला. ज्यांनी डिस्क घेतलीच नव्हती त्यांनी ती आणायची कुठून? ओरड झाल्यावर कंपनीच्या मदत विभागाने एक दुरुस्तीची फाइल दिली. कोणीतरी ती उघडून आत पाहिलं, तर तो ‘रीलोडेड’ या गेम फोडणाऱ्या टोळीने बनवलेला क्रॅक निघाला. प्रामाणिक गिऱ्हाइकाला त्याचाच गेम चालवून देण्यासाठी कंपनीला चोरांचं हत्यार वापरावं लागलं. कुलूप नेमकं कोणाला अडवत होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

त्याच वर्षअखेरीस आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कंपनीने पीसीवर कुठलंही कुलूप न लावता विकला. समजून घेण्याची ती संधी होती. पण गेम नेहमीसारखाच फुकट वाटला गेला, आणि पुढच्याच फेरीत कंपनी दुसऱ्या टोकाला गेली.

मार्च २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’ आणि ‘सायलंट हंटर ५’ पीसीवर आले ते नव्या अटीसह. एकट्याने खेळायचा गेम असला तरी इंटरनेट सतत जोडलेलं हवं. गेम सुरू करताना कंपनीच्या सर्व्हरवर लॉग-इन करायचं, खेळताना मधूनमधून सर्व्हरला आपली ओळख पटवत राहायची, आणि पुढे जाण्यासाठी लागणारी काही माहितीही तिथूनच यायची. जोडणी तुटली की खेळ थांबायचा. सुरुवातीच्या दिवसांत तर शेवटच्या टप्प्यानंतरची मेहनत वाया जायची. फोडणाऱ्यांना गेमसोबत सर्व्हरचीही नक्कल करावी लागेल, म्हणून ते हात टेकतील, असा कंपनीचा हिशोब होता.

पहिल्याच रविवारी सर्व्हर कोसळले. कंपनीने सांगितलं की बाहेरून हल्ला झाला आहे आणि थोड्याच खेळाडूंना त्रास झाला. ज्यांनी पैसे मोजून गेम घेतला होता ते त्या दिवशी कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. काही आठवड्यांत पूर्ण क्रॅक आला. त्यानंतर फुकट उतरवणाऱ्याचा गेम इंटरनेटशिवाय विनाअडथळा चालू लागला आणि विकत घेणाऱ्याचा मात्र राउटरच्या भरवशावर राहिला. चोरीचा माल खऱ्या मालापेक्षा चांगला, अशी अवस्था कंपनीने स्वतःच्या हाताने आणली होती.

ही अट महाराष्ट्रात काय दिसली असेल याचा विचार केला की तिच्यातली अडचण जास्तच ठळक होते. २०१० साली आपल्याकडे २५६ केबीपीएस मिळालं की सरकारी व्याख्येनुसार ते ब्रॉडबँड. महिन्याला किती डेटा वापरायचा याला मर्यादा. त्यातून लहान शहरांत आणि तालुक्यांत तासन्‌तास भारनियमन. इन्व्हर्टरवर संगणक चालायचा, पण तिकडे टेलिफोन एक्स्चेंजच्या बाजूने जोडणी जायची. मूळ डिस्क विकत घेणं ज्यांना परवडत होतं ती मुलं आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नक्कल केलेल्या सीडी पडेल त्या भावात मिळत असताना घरात हट्ट करून खरी डिस्क आणणाऱ्या मुलाला शिक्षा, आणि लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या मुलाला काहीच त्रास नाही. याच कंपनीचा एक स्टुडिओ २००८ पासून पुण्यात होता. गेमलॉफ्ट ही तेव्हा मिशेल गिय्मोंची मोबाइल गेमची कंपनी. तिच्याकडून घेतलेल्या त्या जागेत मराठी मुलंमुली गेमच्या चाचण्या घेत होती, आवृत्त्या तयार करत होती. इथली वीज आणि इथलं इंटरनेट कसं आहे, हे कंपनीला घरातूनच कळू शकलं असतं.

पुढच्या दोन वर्षांत परिस्थिती आणखी चिघळली. ऑगस्ट २०११ मध्ये ‘फ्रॉम डस्ट’ आला. एकदाच इंटरनेट लागेल असं कंपनीकडून आधी सांगितलं गेलं होतं, प्रत्यक्षात दर वेळी लॉग-इन करावं लागत होतं. लोकांनी पैसे परत मागितले आणि ते द्यावे लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने आपले सर्व्हर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले, तेव्हा विकत घेतलेले काही गेम तेवढ्या काळासाठी सुरूच होईनात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनाच्या वेळी ईव्ह गिय्मो यांनी सांगितलं की पीसीवर जेमतेम पाच ते सात टक्के खेळाडू पैसे देतात, बाकीचे ९३ ते ९५ टक्के चोरून खेळतात. कंपनीच्या प्रमुखाने आपल्याच गिऱ्हाइकांच्या गर्दीकडे बोट दाखवून वीसपैकी एकोणीस चोर आहेत म्हणावं, हे वाचून पैसे देणाऱ्या त्या एकाला काय वाटलं असेल?

आणि तरीही, त्या विधानानंतर काही आठवड्यांतच कंपनी मागे हटली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांनी एका ब्रिटिश गेम पत्रकाराला मुलाखत दिली. सतत जोडणीची अट आम्ही सोडली आहे, यापुढे गेम बसवताना एकदा ओळख पटवली की पुरे, असं त्यांनी मान्य केलं. प्रत्यक्षात हा बदल वर्षभर आधीच सुरू झाला होता, जाहीर मात्र कोणी केलेला नव्हता. ही कबुली मला या सगळ्या कथेचं वळण वाटते. २०१९ चा तक्ता इथून लिहायला सुरुवात झाली.

बाहेरचं जगही तोवर बदललं होतं. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये ‘स्टीम’ सुरू केलं होतं. तिचे प्रमुख गेब न्यूएल सतत सांगत होते की पायरसीचा प्रश्न किमतीचा कमी आणि सेवेचा जास्त आहे: चोरापेक्षा सोयीचा माल द्या, लोक पैसे देतील. रशियासारख्या ‘सगळे चोरच’ म्हणून सोडून दिलेल्या देशात त्यांनी ते करून दाखवलं होतं. आपल्याकडेही नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. डॉलरच्या भावाची आणि परदेशी कार्डाची कटकट गेली आणि लॅमिंग्टन रोडच्या सीडीशी खऱ्या गेमची स्पर्धा पहिल्यांदा बरोबरीने होऊ लागली. सणासुदीच्या सवलतीत गेम घ्यायचा, तो आपल्या खात्यावर कायम राहतो, नवा संगणक घेतला तरी पुन्हा उतरवता येतो, या गोष्टींची सवय एका पिढीला लागली.

यूबीसॉफ्टने तारखांचं अंतर कमी करायला घेतलं. २०११ चा ‘असॅसिन्स क्रीड: रेव्हलेशन्स’ कन्सोलनंतर दोन-तीन आठवड्यांत पीसीवर आला. तिसरा आणि चौथा भागही तीनेक आठवड्यांत. नोव्हेंबर २०१४ चा ‘युनिटी’ सर्वत्र एकाच दिवशी आला. दुर्दैवाने तो अर्धाकच्चा होता. पात्रांच्या चेहऱ्यावरची कातडी गायब, उरलेले फक्त डोळे आणि दात, अशी चित्रं जगभर फिरली. माँट्रियलच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉच डॉग्ज’ आला होता. २०१२ मध्ये एका प्रदर्शनात दाखवला होता तेवढा तो देखणा नव्हता. पण एका खेळाडूने पीसी आवृत्तीच्या फाइली उकरल्या तेव्हा त्या देखणेपणाच्या काही सेटिंग बंद अवस्थेत तिथेच सापडल्या. विश्वास एका मुलाखतीने परत येत नाही, हे या दोन्ही गेमनी दाखवून दिलं.

तो विश्वास परत आला एका अशा गेममधून, ज्याच्याकडून सुरुवातीला कोणाला मोठी आशा नव्हती. १ डिसेंबर २०१५ ला ‘रेनबो सिक्स सीज’ आला. पाच विरुद्ध पाच, एक बाजू घरात दडून बसलेली, दुसरी भिंती फोडत आत शिरणारी. एकट्याने खेळायची कथा जवळपास नाहीच. विक्री बेताची झाली, समीक्षक फार खूश नव्हते. एरवी अशा वेळी कंपन्या पुढच्या गेमच्या तयारीला लागतात. माँट्रियलच्या चमूने तसं केलं नाही. दर तीन महिन्यांनी नवी पात्रं, नवे नकाशे, आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून बारीकसारीक फेरबदल चालू राहिले. २०१७ मध्ये तर त्यांनी एका हंगामाचा नवा माल चक्क बाजूला ठेवला आणि ते तीन महिने फक्त दुरुस्तीला दिले. सर्व्हर बदलले, खेळाडूंची जोडी लावण्याची यंत्रणा सुधारली. नवं काही विकायचं सोडून जुनं नीट करत बसायचं, हे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सोपं नव्हतं. त्या काळात व्हिवेंडी हा फ्रेंच उद्योगसमूह यूबीसॉफ्टचे शेअर गोळा करत कंपनी गिळायला टपलेला होता, हे लक्षात घेतलं की त्या निर्णयाचं मोल जास्त कळतं.

‘सीज’ वर्षागणिक वाढत गेला. २०१९ मध्ये त्याच्या नोंदणीकृत खेळाडूंची संख्या ५ कोटींवर पोचली. आणि माउस-कीबोर्डने नेम धरायचा हा खेळ पीसीवर फार रुजला. स्पर्धा होऊ लागल्या, त्या इंटरनेटवर पाहिल्या जाऊ लागल्या. पाच माणसांनी माइकवर बोलत डाव आखायचा, तर पाचही जणांकडे गेम लागतो आणि प्रत्येकाचं खातं सर्व्हरवर लागतं. इथे चोरीच्या प्रतीला काही अर्थच उरत नाही, कारण ती घेऊन खेळणार कोणाशी? २०१० मध्ये जे काम बळजबरीने करायचा प्रयत्न झाला होता ते इथे खेळाच्या स्वरूपानेच साधलं. इंटरनेट दोन्हीकडे लागत होतं. ‘असॅसिन्स क्रीड २’ मध्ये ते पहाऱ्यासाठी होतं, ‘सीज’मध्ये चार मित्रांसाठी.

‘सीज’च्या जोडीला मालमोच्या मॅसिव्ह स्टुडिओचा ‘द डिव्हिजन’, ‘फॉर ऑनर’, ‘घोस्ट रिकॉन वाइल्डलँड्स’ असे गेम पीसीवर कन्सोलच्याच दिवशी येत गेले. कमाईची रीतही बदलली. एकदा डिस्क विकून मोकळं होण्याऐवजी तोच गेम वर्षानुवर्षं छोट्या छोट्या खरेदीतून पैसा देऊ लागला. नवा मोठा गेम नसलेली तिमाही पूर्वी सुकी जायची. आता जुने गेम ती भरून काढत होते, आणि जुना गेम टिकवून धरण्यात पीसीचा हात कोणी धरू शकत नव्हतं. कन्सोलची पिढी बदलली की जुने गेम बहुतेक मागे पडतात, पीसीवर दहा वर्षांपूर्वीचा गेमही नव्या यंत्रावर चालतो.

म्हणजे एप्रिल २०१९ उजाडला तेव्हा जमीन तयार होती. त्या तिमाहीत तीन गोष्टी एकदम जुळून आल्या.

पहिली ‘अॅनो १८००’. जर्मनीतल्या माइन्झच्या स्टुडिओने बनवलेला हा औद्योगिक क्रांतीच्या काळातलं शहर वसवण्याचा गेम. १९९८ पासून चालत आलेल्या या मालिकेचा चाहता मुख्यतः जर्मनीतला, तासन्‌तास जहाजांचे मार्ग आणि पिठाच्या गिरण्यांचा हिशोब जुळवत बसणारा. १६ एप्रिलला तो आला आणि मालिकेतला सर्वांत वेगाने खपलेला गेम ठरला. कन्सोलवर तो आलाच नव्हता, त्यासाठी २०२३ उजाडावं लागलं. त्यामुळे त्या तिमाहीतली त्याची पैन्‌पै पीसीच्या रकान्यात गेली. माझ्या मते तक्त्यातल्या उडीचं सगळ्यांत थेट कारण हेच.

दुसरी गोष्ट पैशात मोजता येत नाही. ‘अॅनो’ यायच्या आदल्या दिवशी, १५ एप्रिलला, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली. ‘युनिटी’ हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये घडणारा गेम, आणि त्यात हे चर्च कलाकारांनी अतिशय बारकाईने उभारलेलं. कंपनीने पुनर्बांधणीसाठी पाच लाख युरो दिले आणि आठवडाभर ‘युनिटी’ पीसीवर सगळ्यांना मोफत खुला केला. पाच वर्षांपूर्वी ज्या गेमची जगाने चेष्टा केली होती त्यात लोक आता चर्चच्या शिखरावर चढून शांतपणे शहर पाहत बसले. ही भेट पीसीवरच दिली गेली, हे मला लक्षणीय वाटतं. अख्ख्या जगापर्यंत लवकर पोचायचं तर संगणकच जवळचा, हे आता कंपनी गृहीत धरत होती.

तिसरी गोष्ट दुकानाची. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीने स्वतःचं गेम दुकान काढलं. स्टीम विक्रीतले तीस टक्के घेत असे, एपिकने बारा टक्क्यांवर काम करायची तयारी दाखवली. मार्च २०१९ चा ‘द डिव्हिजन २’ यूबीसॉफ्टने स्टीमवर दिलाच नाही. तो एपिकवर आणि कंपनीच्या स्वतःच्या ‘यूप्ले’ दुकानात ठेवला. ‘अॅनो’ही बाजारात आल्यावर स्टीमवरून निघाला. स्वतःच्या दुकानात विकलेल्या प्रतीवर कोणाला दलाली द्यायची नाही, कन्सोलवर सोनी-मायक्रोसॉफ्टला द्यावा लागतो तसा वाटा नाही. जूनमध्ये कंपनीने शंभराहून अधिक गेम महिन्याच्या वर्गणीत देणारी ‘यूप्ले प्लस’ योजना जाहीर केली, तीही आधी पीसीसाठी. कारांत्वारहून टपालाने गेम पाठवणाऱ्या भावांना हा हिशोब नवा नव्हता. मधला माणूस जितका कमी, तितका फायदा जास्त.

पण गिऱ्हाइकाला तो हिशोब तितकासा पटला नाही, आणि या प्रकरणातला हा भाग कंपनीच्या समर्थकांकडून फारसा सांगितला जात नाही. आपले सगळे गेम, मित्र आणि गप्पा ज्या एका ठिकाणी आहेत ते स्टीम सोडून नव्या दुकानात खातं उघडायला पुष्कळ लोक तयार नव्हते. यूबीसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा स्टीमचा व्यवहार आजच्या काळाला धरून नाही, असं मत मांडलं होतं. साडेतीन वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, ‘असॅसिन्स क्रीड: व्हलहल्ला’ स्टीमवर आला आणि ‘अॅनो १८००’ही तिथे पुन्हा दिसू लागला. मार्च २०२५ चा ‘असॅसिन्स क्रीड: शॅडोज’ तर पहिल्याच दिवशी स्टीमवर होता. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे माल न्यायचा हा मूळ धडा कंपनीला पुन्हा गिरवावा लागला.

दरम्यान पुण्याच्या स्टुडिओचं कामही मोठं झालं. २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचं काम या दोन्ही शहरांकडे असल्याचं जाहीर झालं, तेव्हा इथल्या गेम क्षेत्रातल्या सगळ्यांना अभिमान वाटला. पहिल्या झलकीवर कडक टीका झाली, आणि मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेलं. पुण्या-मुंबईच्या त्या चमूंना आणखी वेळ आणि पाठबळ मिळायला हवं होतं असं मला आजही वाटतं. ‘सीज’ला दीड वर्षाने दुरुस्तीसाठी मिळाले ते तीन महिने माँट्रियलला मिळू शकले, तर इतरांनाही मिळू शकतात.

पीसीवाल्याशी कंपनीचं भांडण मात्र संपलेलं नाही, त्याचं रूप बदललं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा अमेरिकाभर गाडी हाकण्याचा गेम एकट्याने खेळला तरी सर्व्हरशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने ते सर्व्हर बंद केले. पैसे देऊन घेतलेला गेम निरुपयोगी झाला, आणि पुढच्या काही दिवसांत लोकांच्या खात्यांवरून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. प्रकाशकाने गेमचा आधार काढून घेतला तरी तो खेळता आला पाहिजे, असा कायदा करा, ही तिची मागणी. युरोपीय संघाकडे द्यायच्या तिच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

या सह्या करणाऱ्यांत गेम फुकट उतरवणारा कशाला असेल? त्याचं काही गेलंच नव्हतं. सही करणारा तोच आहे, ज्याने रांगेत उभं राहून, सवलतीची वाट पाहून, परवडेल तेव्हा पैसे मोजून गेम घेतला आणि आपला म्हणून ठेवला. कंपनीने या वेळी ऐकायला दहा वर्षं लावली नाहीत. ‘द क्रू’ परत आला नाही, पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यापुढचे दोन भाग इंटरनेटशिवाय खेळता येतील असं आश्वासन कंपनीने दिलं, आणि २०२५ मध्ये ‘द क्रू २’मध्ये तशी सोय आली. आता सर्व्हर उद्या बंद झाले, तरी ज्यांनी तो गेम घेतला आहे त्यांना त्यातल्या अमेरिकेत गाडी चालवता येईल.